सावळीचा उजळ चेहरा

सावळी परत आली तेव्हा आमची सगळी गल्ली चर्चच्या पायऱ्यांवर उभी होती. फादर सेत्तीमियोंनी घोंगडीच्या गाठी सोडल्या, आणि घोंगडी रेशमी झग्यावरून खाली घसरली. आणलेली फुलं हातातच राहिली. मग कोपऱ्यावरच्या वाइनच्या दुकानाचा मालक फोस्को पार्दिनी, काढलेली टोपी पुन्हा डोक्यावर चढवत म्हणाला,

"ही कोण?"

आमच्या लुक्का शहरात काळ्या चेहऱ्याचं कुणाला वावडं नाही. कॅथिड्रलमधला आमचा ख्रिस्त तर काळाभोर. सप्टेंबरात त्याला सोन्याचा मुकुट चढतो, आणि त्याचं तोंड माणसानं नाही, देवदूतानं कोरलं, हे इथलं मूल बोलायला लागलं की आधी शिकतं. आमच्या गल्लीची सावळी त्या मानानं लहान. कमरेएवढ्या उंचीची लाकडी मरियामाता, कडेवर बाळ. अंगावर कायम रेशमी झगा, त्यामुळे दिसायचे ते फक्त दोघांचे चेहरे आणि हात, कोळशासारखे काळे. पूर्वी कधीतरी रेशमाच्या गोदामाला आग लागली, ती घरं खात पुढं आली, तेव्हा बायकांनी सावळीला उचलून रस्त्यात नेऊन ठेवलं. आग तिच्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. तिनं ती तोंडावर घेतली. म्हणून ती काळी, असं आम्ही ऐकत आलो होतो. ज्या घराच्या उंबऱ्याशी आग थांबली ते फोस्कोच्या पणजोबांचं. त्याच्या भिंतीवर तशी संगमरवरी पाटी होती, आणि तो रोज सकाळी ती ओल्या फडक्यानं पुसायचा.

हिवाळ्यात तिच्या पायाशी वेदीच्या कापडावर लाकडाचा भुसा पडू लागला. कीड लागली होती. फादरनी वर कळवलं आणि दुरुस्तीसाठी माणूस आला, कोर्रादो चेई. हात चांगला होता त्याचा, पण गाव पिसा.

पिसा आमच्यापासून डोंगरापलीकडे, आगगाडीनं अर्ध्या तासावर. तरी आमच्याकडे पिसाच्या माणसाला पाणी देताना पेले मोजून ठेवतात. माझी मावशी झेलिंदा तर त्याचं नावच घेत नसे. "ते पिसाचं पिशाच्च" एवढंच म्हणायची.

आता माझं सांगते. मी इल्वा. आई गेल्यावर मावशीनंच मला वाढवलं. आमचं सुया-दोरे-बटणांचं दुकान होतं, चर्चपासून चार पावलांवर. मावशीकडे आणखी एक मान होता. सावळीचा झगा बदलायचा तो फक्त तिनं. त्या दुपारी चर्चचं दार आतून बंद व्हायचं, फादरसुद्धा बाहेर थांबायचे. झग्याखालची सावळी कशी आहे ते गल्लीत दुसऱ्या कुणी पाहिलेलं नव्हतं.

आणि तिचा चेहरा साफ होताना गल्लीतल्यांपैकी फक्त मी पाहिला होता.

कोर्रादोला जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लिननचं कापड लागायचं. ते आमच्या दुकानातून जायचं, आणि पोचवायला मी जायचे. कालव्याच्या रस्त्यावर तळमजल्यावर त्यानं खोली भाड्यानं घेतली होती. सुरुवातीला मी दारातूनच परतत होते. मग एकदा तो म्हणाला, "आत या ना. तुमच्या शेजारणीला भेटा."

सावळी टेबलावर आडवी होती. अर्धं तोंड काळं, अर्धं गोरं. गोऱ्या बाजूला गालावर फिकट गुलाबी रंग, आणि डोळा किंचित तिरळा. मला एकदम हसू आलं आणि मग भीती वाटली.

"हे काय केलंत?" मी म्हणाले.

"मी काही केलं नाही. पुसलं फक्त. मेणबत्त्यांची काजळी, तेलाचा धूर, आणि वरून कुणीतरी कधीतरी फासलेलं काळं वार्निश. जळलेलं लाकूड नाही हे. जळालं असतं तर नाक राहिलं असतं का?"

"आमच्या लोकांना हे आवडायचं नाही."

"तुम्हाला?"

मी कापड टेबलावर ठेवलं आणि निघाले. पण पुढच्या आठवड्यात कापड घेऊन गेले, आणि त्याच्या पुढच्याही. घरी यातलं काही बोलले नाही. तिथंच चुकलं, कारण सावळी परत आल्यावर मी "अहो, ही तीच आहे, मी पाहिलंय" असं म्हटलं तेव्हा सगळ्या माना सावळीकडून माझ्याकडे वळल्या.

"तू कुठं पाहिलंस?" फोस्कोनं विचारलं.

"त्याच्या खोलीत."

"त्याच्या खोलीत," फोस्कोनं पायऱ्यांवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "ऐकलंत? आमची सावळी तिकडं जाते ती परत येत नाही, आणि आमची इल्वा तिकडं जाते ती आपली रोज परत येते."

बायका हसल्या. मावशी हसली नाही. तिनं माझा हात धरला, नाकाशी नेला आणि हुंगला.

"टर्पेंटाइन," ती म्हणाली. "मला वाटलं दुकानातलं मेणकापड असेल."

त्यानंतर गल्लीत बोलायला दुसरा विषय उरला नाही. खरी सावळी स्वित्झर्लंडला पोचली असं न्हाव्याचं म्हणणं. दुधवालीला खात्रीनं माहीत होतं की ती पिसाच्या कुठल्याशा वकिलाच्या दिवाणखान्यात आहे. त्या काळात आजूबाजूच्या खेड्यांतल्या चर्चमधून चित्रं, चांदीचे दिवे चोरीला जात होतेच, त्यामुळे कुणी काहीही म्हटलं तरी पटायचं. सान मिकेले चर्चच्या उंच दर्शनी भिंतीवर जो देवदूत उभा आहे, त्याच्या बोटातला हिरवा खडा संध्याकाळी चमकतो म्हणतात. तो हल्ली चमकत नाही, असंही एकीनं शोधून काढलं. चौकात उभं राहून सगळ्या वर बघायच्या आणि मग रस्त्यानं जाणाऱ्या कोर्रादोकडे बघायच्या.

मी दुकानात असले की गिऱ्हाइकं दाराशी थबकायची. आतल्या गप्पा थांबायच्या. फोस्को एकदा नुसताच उंबऱ्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "इल्वा, आरशात फार बघत जाऊ नकोस हं. त्या जुन्या गोष्टीतल्या लुचिदाला आरशापायीच सैतानानं गाडीत घालून बागेतल्या तळ्यात नेलं, तेव्हा तीसुद्धा देखणीच होती."

"त्या तळ्यात तुला गिळण्याएवढं पाणी नाही, म्हणून तू एवढा बिनधास्त," मी म्हटलं. त्याला हसू आलं नाही.

मला सगळ्यात खुपलं ते मावशीचं गप्प राहणं. सावळी आल्याच्या दुसऱ्या शनिवारी तिनं झगा बदलला. दार बंद करून ती नेहमीपेक्षा पुष्कळ वेळ आत होती. घरी आली ती पांढरीफटक. चुलीवर दूध ठेवलं आणि समोर उभी असून ते उतू जाऊ दिलं. मी विचारलं, "मावशी, तीच आहे ना?" तर म्हणाली, "चूल पूस."

मला वाटलं, हिलाही ती खोटीच वाटते.

मग एका सकाळी कोर्रादोच्या खिडकीची काच फुटलेली सापडली. बाटल्या फरशीवर, रंग नाल्यात, दारावर कोळशानं 'चोर'. काच उचलताना त्याचा तळवा कापला. त्याच्याकडे दोन गावांची कामं होती. दोन्ही गावचे लोक येऊन आपापली चित्रं घेऊन गेले, तोंडावर काही न बोलता. मी त्याला भेटले ती कॅथिड्रलच्या कमानीखाली. तिथं खांबावर एक चक्रव्यूह कोरलेला आहे, शेकडो वर्षं लोक त्यावरून बोट फिरवत आलेत, त्यामुळे मधली आकृती पार झिजून गेलीय. तो फडकं गुंडाळलेल्या हातानं त्या रेघांवरून बोट फिरवत होता.

"मी जातो परत," तो म्हणाला. "फोस्कोनं पोलिसांत तक्रार दिलीय. रविवारी प्रार्थनेनंतर फौजदार चर्चमध्ये येणार आहेत, मलाही बोलावलंय. ते झालं की जातो."

"कामाआधीचे फोटो असतील ना?"

"आहेत. काळ्या मूर्तीचे. आणि नंतरचे, गोऱ्या मूर्तीचे. फोस्को म्हणतो, बघा, दोन मूर्ती." तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, "एक विचारू? तुमच्याकडे कुणी सैनिक होतं का? गल्लीत, कुणीही?"

"का?"

"मूर्ती पाठीमागून पोकळ आहे. लाकूड तडकू नये म्हणून तसं कोरतात. त्या पोकळीत, अगदी वर, हात आत घातल्याशिवाय लागणार नाही अशा जागी, मेणात बसवलेलं एक पितळी बटण आहे. सैन्याच्या कोटाचं. निळा दोरासुद्धा आहे त्याला. मी हात लावला नाही. कुणाचा तरी नवस असेल, म्हटलं राहू दे."

दुकानाचं निमित्त सांगून मी निघाले. आमच्या घरी कपाटात शेवटच्या खुंटीला एक सैनिकी कोट होता, माझ्या ओरेस्तेकाकांचा, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचा. ते दुसऱ्या नव्या कोटात युद्धावर गेले, रशियाला, आणि परत आले नाहीत. त्या जुन्या कोटाचं वरून दुसरं बटण नव्हतं. सगळ्या लुक्काला बटणं विकणारी माझी मावशी, रस्त्यात अनोळखी माणसाचं बटण लोंबताना दिसलं तर त्याला दुकानात ओढून शिवून देणारी, तिनं त्या कोटाला ते बटण कधी लावलं नव्हतं. मी लहानपणी एकदा डब्यातून तसंच बटण शोधून आणलं होतं, तर तिनं माझ्या थोबाडीत दिली होती. आयुष्यात तेवढीच एकदा.

दुपारी दुकान बंद करताना मी फळी अर्धी खाली ओढली आणि विचारलं.

"मावशी, झगा बदलताना तू पोकळीत हात घातलास ना?"

ती दोऱ्याची रिळं लावत होती. हात थांबला.

"कुणी सांगितलं?"

"त्यानं. कुणाचं बटण ते त्याला माहीत नाही. मी सांगितलं नाही."

"सांगितलं नाहीस कशावरून?"

"माझ्यावरही विश्वास नाही का तुझा?"

"टर्पेंटाइनचा वास येणाऱ्या पोरीवर? नाही."

"बरं. नको ठेवूस. पण तुला त्या शनिवारपासून माहीत आहे की ती तीच आहे. त्याची खिडकी फुटली, हात कापला, कामं गेली, आणि तू गप्प."

मावशी खुर्चीवर बसली.

"तुला काय वाटतं, मी त्या पिशाच्चाच्या वाईटावर आहे म्हणून गप्प बसले?" ती म्हणाली. "अगं, ओरेस्ते गेला तेव्हापासून मी तिच्या काळ्या तोंडाकडे बघत आले. बाई, तू एवढी आग तोंडावर घेतलीस, मग मला माझं एवढंसं सोसायला काय झालं, असं म्हणत म्हणत दिवस काढले. आणि आता हा येतो, कापडानं पुसतो, आणि म्हणतो ती काजळी होती. काजळी! मग मी कुणाशी बोलत होते? चोरी झाली म्हटलं की निदान आमची सावळी कुठंतरी आहे. काळी आहे, आमची आहे. ही तीच आहे म्हटलं, की तीही गेली."

मी एवढंच म्हणाले, "त्यानं बटणाला हात लावला नाही."

"माहीत आहे. मेण जसंच्या तसं आहे," ती म्हणाली, आणि उठून रिळं लावायला लागली.

रविवारी प्रार्थना संपली तरी कुणी हललं नाही. फौजदार कोट घालून घामेघूम झाले होते. कोर्रादो खांबाला टेकून उभा, हाताला फडकं. फोस्कोनं भाषणच केलं. त्याचे पणजोबा, गोदाम, आग, पाटी. शेवटी म्हणाला, "ही बाहुली पिसाला परत न्या, आणि आमची आई आम्हाला आणून द्या."

फौजदार म्हणाले, "दोन मूर्तींचे फोटो आहेत, हे खरं. एक मूर्ती आहे, हेही खरं. चौकशी होईपर्यंत चेईसाहेबांना आमच्याबरोबर यावं लागेल."

"थांबा," मावशी म्हणाली.

ती मधल्या वाटेनं पुढं गेली. वेदीपाशी वळून तिनं सगळ्यांकडे पाहिलं. "बाप्यांनो, तोंडं फिरवा. बाईमाणूस आहे ती."

आणि खरोखर सगळे पुरुष फिरले. फौजदारसुद्धा फिरले, मग काम आठवून अर्धवट परत वळले. मावशीनं गळ्याशी झग्याचे बंद सोडले, सावळीला हळूच पाठमोरी केली आणि पोकळीत कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा तळव्यावर मेणाचा पिवळा गोळा होता, त्यात पितळ चमकत होतं.

"ओरेस्तेच्या कोटाचं आहे," ती म्हणाली. "तो गेला त्या आठवड्यात मी ठेवलं. तिला न विचारता, फादरना न विचारता. त्याला परत आण म्हटलं होतं. तिनं आणलं नाही. तरी मी काढलं नाही."

कुणीतरी नाक ओढलं. फोस्को वळला.

"भाचीनं सांगितलं असेल त्याला. त्यानं जुन्यातून काढून नव्यात बसवलं."

"भाचीला मी कधीच सांगितलं नव्हतं. आणि हे बघ." तिनं गोळा त्याच्या नाकापुढं धरला. "मेणावर अंगठा उमटलाय. मध्ये आडवी रेघ. लहानपणी कात्री लागली होती मला तिथं. धर माझा अंगठा, लाव. गरम केलं असतं तर राहिला असता का हा ठसा?"

फोस्कोनं अंगठा धरला नाही. फौजदारांनी धरला, चष्मा कपाळावर सारून बघितला, आणि होकारार्थी मान डोलावली.

"मग ती काळी कशानं झाली?" फोस्को म्हणाला. आवाज पार बसला होता त्याचा. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला त्याची कीव आली.

"आपणच केली," मावशी म्हणाली. "मेणबत्त्या लावून लावून. तुझ्या आजीनं लावल्या, माझ्या आईनं लावल्या. तुझ्या उंबऱ्याशी आग थांबली होती, फोस्को. कशानं थांबली ते मला ठाऊक नाही. पण रस्त्यात नेऊन ठेवली होती ती हीच."

फोस्को टोपी घालून निघून गेला. त्याच्यामागं दहा-पंधरा माणसं गेली. बाकीचे थांबले, आणि हळूहळू एकेक बाई पुढं येऊन त्या तिरळ्या डोळ्याकडे बघू लागली. "माझ्या नणंदेसारखी दिसते," दुधवाली म्हणाली, आणि ते तिला आवडलं की नाही कळलं नाही.

मावशी कोर्रादोपुढं गेली. मेणाचा गोळा त्याच्या बऱ्या हातात ठेवला. "होतं तिथं बसवा. ठसा मोडू नका."

त्यानं तेव्हाच, तिच्या देखत बसवलं.

सगळं काही निवळलं असं नाही. फोस्को पुढं दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ लागला. पाटी त्यानं काढली नाही, पुसायचा मात्र थांबला. खरी सावळी स्वित्झर्लंडलाच आहे असं मानणारी माणसं गल्लीत अजून आहेत, आणि मावशीलाही पैसे चारले असं त्यांच्यातले दोघं-तिघं म्हणतात. कोर्रादोनं लुक्कात पुन्हा काम घेतलं नाही. दर रविवारी आगगाडीनं यायचा मात्र, आणि पुढं दोन वर्षांनी आमचं लग्न झालं.

तो पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला तो दिवस मला आठवतो. मावशीनं गव्हाच्या दाण्यांचं घट्ट सूप केलं होतं. ती स्वतः जेवली नाही, समोर बसून त्याचा प्रत्येक घास बघत राहिली. चमचा कसा धरतो, पाव कसा मोडतो, वाइन किती घेतो.

"मूर्ती तुम्ही बदलली नाहीत, मान्य," ती शेवटी म्हणाली. "सूप कसं झालंय?"

"फार छान झालंय."

ती ताटली उचलायच्या निमित्तानं उठली आणि जाताजाता मला स्वयंपाकघरात ओढून नेलं.

"मी त्यात मीठच घातलं नव्हतं," ती माझ्या कानाशी म्हणाली. "बघ. तोंडावर खोटं बोलतो."

मी दारातून डोकावून पाहिलं. कोर्रादो पावाच्या तुकड्यानं वाडगं पुसून खात होता.

"आणि वर पुसून खातो," मावशी म्हणाली. "यावर नजर ठेवायला हवी."